सरहद्दीवरील एक दुपार
(पूर्व आफ्रिकेतील मोटारप्रवासाची हकीकत)

गेल्या वार्षिक सभेनंतर चहापानाच्या वेळी काही सभासद बंधूंनी आम्हांस आमच्या पूर्व आफ्रिकेच्या प्रवासाविषयी विचारले. आम्ही हत्ती-सिंहांची वर्णने सांगू लागलो, तोच एका वडीलधाऱ्या सभासदांनी मध्येच थांबवून म्हटले, "सिंह पाहिलेत हे चांगलेच झाले, पण भाड्याची मोटार घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात कसे गेलात, तेवढे सांगा." व्यापाऱ्याचा प्रश्न तो व्यापाऱ्याचाच! ज्यांचे अर्धे आयुष्य नाके, पावत्या आणि परवाने यांत गेले त्यांना सिंहापेक्षा सरहद्दीचे कुतूहल अधिक वाटावे, यात नवल नाही. त्यांच्या आग्रहास्तव ही हकीकत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त नैरोबीस राहतात. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता आणि आमच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री त्यांजकडे गेलो. जावईबापूंनी एक दणकट, चारही चाकांस गती देणारी मोटार भाड्याने घेतली आणि स्वतः चालविण्याचे ठरविले. बेत असा : प्रथम केनियातील अंबोसेली अभयारण्य, तेथून नमंगा येथे सरहद्द ओलांडून टांझानियातील अरुशा, आणि पुढे न्गोरोंगोरो.

अंबोसेलीचे वर्णन थोडक्यात आटोपतो. हे राष्ट्रीय उद्यान सुमारे ३९२ चौरस किलोमीटरांचे असून त्याच्या दक्षिणेस, टांझानियाच्या भूमीवर, ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो उभा आहे. पहाटे ढग वर चढण्यापूर्वी त्याचे हिमाच्छादित शिखर स्पष्ट दिसते आणि खाली पाणथळीतून हत्तींचे कळप संथपणे जात असतात. पर्वत एका देशात आणि त्याचे उत्तम दर्शन दुसऱ्या देशातून, ही गंमत आमच्या मातोश्रींना फार आवडली. त्या म्हणाल्या, "डोंगर त्यांचा, पण दर्शन यांचं. दर्शनावर जकात नाही, हे बरं."

ही सरहद्द तशी का पडली, याचा इतिहास मनोरंजक आहे. इ. स. १८८६ मध्ये इंग्रज व जर्मन सरकारांनी युरोपात बसून पूर्व आफ्रिकेची वाटणी केली. उंबा नदीच्या मुखापासून वायव्येकडे रेघ ओढावयाची, किलिमांजारोच्या उत्तर पायथ्यास वळसा घालावयाचा आणि पुढे व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पुन्हा सरळ जावयाचे, असे ठरले. व्हिक्टोरिया राणीने आपल्या नातवास, म्हणजे जर्मन कैसरास, हा पर्वत वाढदिवसाची भेट म्हणून दिला, अशी एक दंतकथा तिकडे प्रवाशांस हमखास सांगतात. ती खरी नव्हे; वाटाघाटीत जर्मनांच्या पदरात पर्वत पडला, इतकेच. मात्र त्या रेघेने मासाई लोकांची चराऊ राने दुभंगली. आजही मासाई गुराख्यांचे आप्त दोन्ही बाजूंस आहेत. एक भाषा बोलणारी माणसे रेघेच्या दोन्ही बाजूंस राहिली म्हणजे काय होते, हे बेळगाव-निपाणीकडील वाचकांस आम्ही वेगळे सांगावयास नको.

या भूमीशी आपल्या लोकांचा संबंधही जुना आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो युगांडा लोहमार्ग बांधला गेला, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तेथेच मृत्यू पावले. मजुरांच्या मागोमाग आणि पुष्कळदा त्यांच्याही पुढे आपले दुकानदार गेले. कच्छचे अलिदिना विश्राम यांच्या दुकानांची साखळी तर प्रसिद्धच आहे. जामनगर भागातील हालारी वीसा ओसवाल बंधूंनी केनियात मोठा व्यापार उभा केला, आणि मोंबासा येथे १९६३ मध्ये सुंदर जिनमंदिर बांधले. गोव्याची मंडळी तेथील कचेऱ्यांतून कारकुनीच्या कामात नावाजली. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत चलन म्हणून रुपयाच चालत असे, हे ऐकून कित्येक सभासदांस आश्चर्य वाटेल.

त्या सहवासाच्या खुणा स्वाहिली भाषेत अद्याप आहेत. दुकानास ते 'डुका' म्हणतात, गाडीस 'गारी', पैशास 'पेसा', लाखास 'लाकी' आणि चहास 'चाय'. विम्यास त्यांचा शब्द 'बिमा' हाच आहे! २००७ साली केनियात सुरू झालेली, भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची 'एम-पेसा' ही योजना जगभर गाजली. तिच्या नावातील 'पेसा' तो आपलाच पैसा. परदेशच्या नाक्यावरील पाटीवर 'बिमा' हे अक्षर वाचले तेव्हा कोणी गावाकडचा मनुष्य भेटावा तसा आम्हांस आनंद झाला. पण तो आनंद फार वेळ टिकावयाचा नव्हता.

अंबोसेलीहून नमंगा सुमारे ७५ किलोमीटर आहे. धुळीच्या वाटेने आम्ही पावणेबाराच्या सुमारास तेथे पोहोचलो. गावाच्या माथ्यावर ओल दोइन्यो ओरोक, म्हणजे काळा डोंगर, उभा आहे. मोटार थांबताच मण्यांच्या माळा घेऊन मासाई स्त्रिया खिडक्यांभोवती गोळा झाल्या आणि त्यांच्यामागून नाक्यावरचे दलाल. कागदपत्रे करून देतो, पैसे बदलून देतो, रांग चुकवून देतो, असा त्यांचा गलका चालू होता. जावईबापूंनी अगोदरच बजावून ठेविले होते की, पारपत्र कोणाच्याही हाती द्यावयाचे नाही आणि रस्त्यावर पैसे बदलावयाचे नाहीत. केनियाचा शिलिंग आणि टांझानियाचा शिलिंग ही दोन्ही नाणी एकाच पूर्व आफ्रिकी शिलिंगाची लेकरे. १९६६ मध्ये ती वेगळी झाली तेव्हा बरोबरीच्या भावाने चालत. गेल्या काही वर्षांत मात्र केनियाच्या एका शिलिंगास टांझानियाचे पंधरापासून बावीसपर्यंत शिलिंग पडत आले आहेत. असा भाव असला म्हणजे नोटांवरच्या शून्यांत नवखा मनुष्य सहज फसतो.

नमंगाचा नाका आता 'एकथांबी' आहे. २०१८ च्या डिसेंबरात दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पूर्वी प्रवाशास एका देशाच्या कचेरीत निर्गमनाचा शिक्का घ्यावा लागे आणि मधली मोकळी जागा ओलांडून दुसऱ्या देशाच्या कचेरीत पुन्हा रांग धरावी लागे. आता ज्या देशात जावयाचे त्या देशाच्या इमारतीतच दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी शेजारी बसतात. एका खिडकीवर केनियाने निरोप दिला की पुढच्या खिडकीवर टांझानियाने स्वागत करावयाचे. आम्ही टांझानियाचा प्रवेशपरवाना संगणकावरून आधीच मिळविला होता. पीतज्वराची लस टोचल्याचा पिवळा दाखला पाहण्यात आला, बोटांचे ठसे घेण्यात आले आणि अर्ध्या तासात पाचही पारपत्रांवर दोन्ही शिक्के पडले. आमच्या मातोश्री बाकावर बसून म्हणाल्या, "झालं? मला वाटलं होतं, फार कठीण असेल."

कठीण ते पुढेच होते. कारण माणसांची सरहद्द निराळी आणि मोटारीची निराळी. भाड्याची मोटार परदेशात न्यावयाची तर तिच्या नोंदणीचे पुस्तक, ती बाहेर नेण्यास मालकाने दिलेले संमतिपत्र, विम्याचे 'यलो कार्ड' आणि दोन्ही देशांच्या जकात खात्यांची तात्पुरत्या नेण्या-आणण्याची नोंद, इतके सर्व लागते. हे यलो कार्ड म्हणजे कोमेसा या व्यापारसंघाने चालविलेली, अपघातात तिऱ्हाइतास होणाऱ्या नुकसानीची हमी होय. टांझानिया २००० साली त्या संघातून बाहेर पडला, तरी या विमायोजनेत तो राहिला आहे. विमा म्हणजे काय, हे व्यापारी राष्ट्रे भांडणातही विसरत नाहीत!

जकातीच्या खिडकीवरील अधिकारीबाईंनी संमतिपत्र आणि नोंदणीपुस्तक शेजारी ठेवून एकेका अंकावर बोट फिरविले. शेवटी त्यांचे बोट थांबले. पुस्तकात चासी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ६९ होते. पत्रात ते ९६ असे पडले होते. बाई सौम्यपणे "पोले" म्हणाल्या. स्वाहिलीत त्याचा अर्थ 'वाईट वाटते' असा आहे. आणि त्यांनी कागद परत केले. पत्रात लिहिलेली मोटार ही नव्हे. सबब, दुरुस्त केलेले, सहीशिक्क्याचे पत्र आल्याखेरीज हिला प्रवेश नाही.

आमची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. पारपत्रावरील शिक्क्यांप्रमाणे आम्ही पाचहीजण टांझानियात होतो. मोटार मात्र कायद्याने अद्याप केनियातच होती, आणि आमचे सामान, फराळ व पाण्याचे डबे त्या मोटारीत होते!

जावईबापूंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मामा, चूक माझी. पत्र हाती आलं तेव्हा मी नाव तेवढं वाचलं, आकडे पाहिले नाहीत." वास्तविक पत्र लिहिणारा कारकून चुकला होता. पण ते पत्र आदल्या रात्री आमच्याही हाती आले होते आणि आम्हीही ते घडी घालून ठेवून दिले होते. चाळीस वर्षे पेढीवर बसून प्रत्येक बिलातील पैसा न् पैसा ताळून पाहणारे आम्ही, पण परमुलखात पोहोचलो आणि सहलीच्या उत्साहात तो सराव विसरलो. जावयास बोल लावण्याचा आम्हांस काय अधिकार? आम्ही म्हटले, "जावईबापू, पत्र आम्हीही वाचलं होतं. दोघांची चूक आहे, निम्मी निम्मी वाटून घेऊ."

मोटारवाल्याच्या कचेरीस दूरध्वनी केला. तो दिवस शनिवारचा. सहीचा अधिकार असलेले गृहस्थ बाहेर गेलेले होते, आणि ते परतल्यावर पत्र पाठवू असे उत्तर मिळाले. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. आता दोन काळज्या उभ्या राहिल्या. अरुशा तेथून सुमारे ११० किलोमीटर आहे. तिकडील रस्त्यांवर अंधारात गुरे, गाढवे आणि क्वचित वन्य पशूही आडवे येतात. म्हणून रात्री मोटार चालवावयाची नाही, असा आमचा नियम होता. दुसरी गोष्ट अशी की, आमच्या मातोश्रींचा रात्रिभोजनत्याग आहे. सकाळी डब्यात घेतलेला स्वयंपाक दुपारीच संपला होता. सायंकाळचे जेवण अरुशातील एका परिचित गुजराती कुटुंबाकडे, त्यांचा नियम जाणून, सूर्यास्तापूर्वी योजिले होते. विषुववृत्तानजीकच्या त्या प्रदेशात संधिप्रकाश फार थोडा असतो; सूर्य बुडाला की रात्र पडावयास वेळ लागत नाही.

साडेतीनच्या सुमारास दलालांपैकी एकजण पुन्हा जवळ आला. आतील मंडळी आपल्या ओळखीची आहेत, थोडे पैसे टाकले तर पत्राचे काम बिनापत्राचे होईल, असे त्याने जावईबापूंस एकीकडे नेऊन सांगितले. त्याची ओळख खरी होती की तोही त्याच्या धंद्याचाच एक भाग होता, हे देव जाणे. आतील बाईंच्या वागणुकीत तर आम्हांस तसे काहीच दिसले नव्हते. जावईबापू आमच्याकडे येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मामा, माझ्यासाठी म्हणत नाही, पण आजी उपाशी राहतील."

आम्ही क्षणभर गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे. रक्कम लहान होती, अडचण खरी होती आणि चूक म्हणजे काय, तर दोन अंकांची उलटापालट! मनुष्य घसरतो तो अशाच जागी. मोठ्या मोहाच्या वेळी तो सावध असतो. पण मातोश्रींनी ते शब्द ऐकले होते. त्या म्हणाल्या, "माझं नाव पुढे करून खोट्या वाटेनं जाऊ नका, बाळा. एक वेळ नाही जेवले तर उपवासाचं पुण्य लागेल. लाच देऊन जेवले तर तो घास कोणत्या खात्यात मांडायचा?"

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत आपल्या आचार्यांनी खोट्या वजनमापांच्या शेजारीच 'विरुद्धराज्यातिक्रम' हाही एक अतिचार सांगून ठेविला आहे. राज्याचे नियम चुकवून व्यवहार करणे, असा त्याचा आशय आपणांस लहानपणापासून शिकविला जातो. पाठशाळेत पाठ केलेला तो लांबलचक शब्द साठाव्या वर्षी, नमंगाच्या नाक्यावर, आम्हांस प्रथमच नीट समजला. आम्ही दलालास नमस्कार करून वाटेस लाविले. अरुशाच्या स्नेह्यांस दूरध्वनी करून, आमच्यासाठी खोळंबू नये, असे कळविले.

बसल्या बसल्या आम्ही नाक्यावरील मालमोटारींची रांग पाहात होतो. हीच सरहद्द १९७७ मध्ये पूर्णपणे बंद करण्यात आली होती. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचा १९६७ साली स्थापन झालेला पूर्व आफ्रिकी संघ त्या वर्षी मोडला, आणि पुढे १९८३ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, हा रस्ता उघडला नाही. रेल्वे, विमाने, टपाल, सारी सामाईक मालमत्ता भाऊबंदकीतल्यासारखी वाटून घ्यावी लागली. नंतर शहाणपण आले. १९९९ मध्ये नवा करार झाला, २००० मध्ये तो अमलात आला, २००५ मध्ये सामाईक जकातव्यवस्था सुरू झाली. आज त्या संघात आठ राष्ट्रे असून त्याची मुख्य कचेरी अरुशा येथेच आहे. तरीही मने बिघडली की नाके बिघडतात. रवांडा व युगांडा यांमधील गातुना येथील मार्ग २०१९ च्या फेब्रुवारीपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत बंद होता. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी राज्याराज्यांच्या सीमेवर मालमोटारी कशा ताटकळत असत, हे आपण विसरलेलो नाही. नाका उघडा असणे ही व्यापाऱ्याची केवढी मोठी मिळकत आहे, हे तो बंद पडल्यावाचून कळत नाही.

सव्वापाच वाजता पत्र आले. जावईबापू धावत जवळच्या 'डुका'त जाऊन त्याची छापील प्रत घेऊन आले. या खेपेस त्यांनी, आम्ही आणि आमच्या कन्येनेही अंक अन् अंक मोठ्याने वाचून ताळून पाहिला! अधिकारीबाईंनी पुन्हा बोट फिरविले, रस्ता-कराचे पैसे भरून घेऊन पावती दिली आणि हसून "कारिबू" म्हटले. कारिबू म्हणजे 'यावे'. पाच वाजून पन्नास मिनिटांनी आमची मोटारही एकदाची टांझानियात आली.

अर्ध्या तासात लोंगिदो लागले. रस्त्याकडेला मोटार उभी केली, तेव्हा सूर्य टेकडीच्या वर हातभर होता. घरून आणलेले भडंग आणि लाडू कापडी पिशव्यांतून काढले, गावातून केळी घेतली, गाळलेले पाणी होतेच. मोटारीच्या सावलीत सतरंजी अंथरून मातोश्रींचा आहार दिवस असतानाच झाला. त्या उठल्या आणि सूर्य मावळला. जावईबापूंनी त्यांच्या पायांना हात लावला. त्या एवढेच म्हणाल्या, "लाडू थोडे कडक झालेत."

रात्री मोटार न चालविण्याचा नियम मोडावयाचा नाही म्हणून लोंगिदोतच एका साध्या निवासात मुक्काम केला. अरुशाच्या आरक्षित खोल्यांचे पैसे बुडाले. ते आम्ही त्या प्रवासाच्या खर्चात मांडले असून, ती रक्कम आम्हांस कधी जास्त वाटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेरू पर्वत डोळ्यांपुढे ठेवून आम्ही अरुशास पोहोचलो, स्नेह्यांकडे आदल्या दिवशीचे राहिलेले जेवण जेवलो आणि पुढे न्गोरोंगोरोच्या विशाल विवरात सिंहही पाहिले. पण त्याचे वर्णन इतर प्रवाशांनी पुष्कळ केले आहे.

जे सभासद असा प्रवास योजतील त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगून हा लेख संपवितो. मोटार भाड्याने घेतानाच ती कोणकोणत्या देशांत न्यावयाची, ते लेखी नमूद करून घ्यावे, आणि संमतिपत्र, नोंदणीपुस्तक, यलो कार्ड व प्रत्यक्ष मोटार या चारही ठिकाणचे क्रमांक स्वतः ताळून पाहावेत. पीतज्वराची लस दहा दिवस आधी टोचलेली असावी. तिचा दाखला आता आयुष्यभर चालतो आणि केनियाहून भारतात परतताना येथेही तो मागतात. केनियात पुन्हा यावयाचे असल्यास पुनःप्रवेशाचा नियम निघण्यापूर्वीच समजून घ्यावा. प्लॅस्टिकच्या पिशव्या केनियाने २०१७ च्या ऑगस्टपासून आणि टांझानियाने २०१९ च्या जूनपासून बंद केल्या आहेत. म्हणून फराळ कापडी पिशव्यांत न्यावा. टांझानियात वस्तीतून ताशी ५० किलोमीटरांहून अधिक वेग ठेवू नये, आणि धोक्याचे त्रिकोण व आग विझविण्याचे नळकांडे मोटारीत असू द्यावे. परक्या नोंदणीच्या मोटारीस टांझानियाच्या अभयारण्यांत प्रवेशशुल्क कितीतरी अधिक पडते, तेही हिशेबात धरावे. आणि सरहद्दीस सकाळीच पोहोचावे. दिवस हाताशी असला म्हणजे मोह कमी होतो.

ते दुरुस्त न केलेले पत्र आम्ही घरी आणले आहे. पेढीवर आमच्या गादीसमोर ते काचेखाली ठेविले आहे, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक दिवाणजीस पहिल्या दिवशी त्यातील चूक शोधावयास सांगतो. आजवर एकासही ती पहिल्या वाचनात सापडलेली नाही.